जुनी युनिक्स यंत्रे निवृत्त होत आहेत. त्यांवरच्या स्क्रिप्टचे काय?



सिल्वासातल्या आपल्या मराठी घरांत संगणकाशी नाते असलेल्या आता दोन पिढ्या झाल्या. मोठी पिढी पिपरिया, मसाट, खडोली, आमली इथल्या कारखान्यांत, नाहीतर वापीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आली. त्यांच्यापैकी काहींनी पगारपत्रक, गोदामाचा हिशेब, मालाची रवानगी ही कामे युनिक्सच्या काळ्या पडद्यावर हिरवी-पांढरी अक्षरे उमटवत केली. धाकटी पिढी शाळा-कॉलेजात पायथन शिकते आहे. एकाच घरात बाबांना ‘शेल’ आणि ‘ऑक’ ठाऊक असतात, मुलीला पायथन येते, आणि दोघांनाही दुसऱ्याचे काम वेगळ्याच जगातले वाटते. खरे तर या भाषा एकाच कुळातल्या आहेत.

ज्या यंत्रांवर हे कूळ वाढले ती यंत्रे आता एकेक करून बंद पडत आहेत. मग त्यांवर लिहिलेल्या लहानमोठ्या प्रोग्रामचे काय होणार? भाषाही यंत्रांबरोबर जाणार का? संगणकाच्या क्षेत्रात नसलेल्यांनाही समजेल अशा रीतीने हे सांगण्याचा आम्ही इथे प्रयत्न केला आहे.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

संगणकाला काम सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत लिहिलेला प्रोग्राम कंपायलरमधून काढून यंत्राच्या भाषेत कायमचा बदलून ठेवतात. तो वेगाने चालतो, पण ज्या जातीच्या यंत्रासाठी बनवला तिथेच चालतो. शिवाय मूळ मजकूर हरवला, तर आत काय लिहिले होते ते कळणे फार कठीण होते.

दुसरी पद्धत स्क्रिप्टची. यात आपण साध्या अक्षरांत सूचना लिहितो आणि इंटरप्रिटर नावाचा प्रोग्राम त्या ओळीने वाचून अमलात आणतो. लग्नघरच्या स्वयंपाकाचे उदाहरण घ्या. स्क्रिप्ट म्हणजे वहीत लिहिलेली कृती, आणि इंटरप्रिटर म्हणजे ती वाचून स्वयंपाक करणारा आचारी. वही कुठल्याही गावी नेता येते, फक्त तिथे ती भाषा वाचणारा आचारी असावा लागतो. आचारी नसेल, तर वही शाबूत असूनही पंगत उपाशीच राहते.

स्क्रिप्टिंग भाषा उपलब्ध आहे की नाही, हा प्रश्न म्हणजे या यंत्रावर आचारी आहे की नाही, हाच प्रश्न.

युनिक्सच्या घरात जन्मलेल्या भाषा

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ही त्यामागची प्रमुख नावे. १९७३ मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली, आणि त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावरून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेणे शक्य झाले. युनिक्सची रीत अशी की प्रत्येक साधनाने एकच लहान काम नीट करावे आणि अशी साधने एकापुढे एक जोडून मोठे काम उरकावे. या जोडणीसाठीच स्क्रिप्टची गरज निर्माण झाली.

१९७७ मध्ये ऑक आली. अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. रकाने असलेल्या यादीतून हवी ती ओळ निवडणे, बेरीज मारणे, तक्ता काढणे यांत ती आजही तरबेज आहे. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचे शेल युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आले. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्ल आणली, १९८८ मध्ये जॉन औस्टरहाउट यांची टीसीएल आली, आणि १९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथनची पहिली आवृत्ती जगाला दिली. मुलांच्या पुस्तकातली ‘नवी’ भाषा पायथन म्हणजे आज तिशी ओलांडलेली आहे, हे अनेकांना माहीत नसते.

आपल्याकडेही युनिक्स लवकर पोहोचली. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. त्यानंतर बँकांमध्ये जे संगणक येत गेले त्यांत युनिक्सवर चालणारे बरेच होते. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. देशातल्या इंटरनेटच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी हा एक. पुढे २००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली.

पुण्याच्या परमची वाटचाल

जुनी युनिक्स कशी मागे पडली हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. सी-डॅकची स्थापना पुण्यात १९८८ साली झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यानंतरच्या परम यंत्रांकडे क्रमाने पाहिले की सगळी गोष्ट उलगडते.

१९९८ चा परम १०००० सन कंपनीच्या सर्व्हरांवर उभा होता आणि त्यावर त्याच कंपनीची सोलारिस ही युनिक्स होती. २००२-०३ मधल्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर-४ प्रोसेसर होते आणि एआयएक्स ही आयबीएमची युनिक्स. २००८ मध्ये पुण्यात परम युवा आला तो लिनक्सवर. म्हणजे जेमतेम दहा वर्षांत एका कंपनीच्या युनिक्सवरून दुसऱ्या कंपनीच्या युनिक्सवर, आणि तिथून लिनक्सवर. लिनक्स ही लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली, युनिक्सच्या वळणाची, पण कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळी यंत्रे लिनक्सवर आहेत.

कंपन्यांच्या युनिक्सची स्थिती आज अशी आहे. टीआरयू-६४ या युनिक्सला मिळणारा आधार २०१२ अखेर थांबला, सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सचा २०१३ अखेर. पीसीवर चालणारी युनिक्स विकणारी एससीओ २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली. एचपी-यूएक्स ज्या इटेनियम प्रोसेसरवर चालते त्याची शेवटची खेप इंटेलने २०२१ मध्ये पाठवली, आणि एचपी-यूएक्सचा नेहमीचा आधार ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. एआयएक्स आणि सोलारिस अजून चालू आहेत आणि त्यांना त्यांच्या कंपन्यांचा आधारही आहे. पण नवा कारखाना उभारताना त्यांची मागणी आता क्वचितच कोणी करतो.

भाषा यंत्रावरून कशी नाहीशी होते?

कोणी बंदी घातली म्हणून भाषा जात नाही. ती तीन वाटांनी जाते.

पहिली वाट म्हणजे तिथे ती बांधून देणारे कोणी उरत नाही. पर्ल किंवा पायथनची नवी आवृत्ती निघाली की प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर ती तयार करून तपासावी लागते. हे काम बहुधा स्वयंसेवक करतात. ज्याच्याकडे ते जुने यंत्र आहे तोच ते करू शकतो. यंत्र गेले की माणूसही बाजूला होतो. मे २०१४ मध्ये निघालेल्या पर्ल ५.२० मधून डेटा जनरल कंपनीच्या डीजी-यूएक्सचा आणि एटी अँड टीच्या ‘युनिक्स पीसी’चा आधार काढून टाकला गेला. पायथनवाल्यांनी तर कोणत्या यंत्राला किती आधार द्यायचा याचे नियमच लिहून ठेवले आहेत. जबाबदारी घेणारे कोणी नसेल, तर त्या यंत्रासाठीचा भाग काढला जातो.

दुसरी वाट म्हणजे भाषा असते, पण तिच्या आधाराचे सामान मिळत नाही. पायथनमध्ये सांकेतिक सुरक्षेसाठी वापरला जाणारा एक प्रसिद्ध ग्रंथालय-संच फेब्रुवारी २०२१ पासून तयार करताना रस्ट नावाच्या दुसऱ्या भाषेचा कंपायलर मागू लागला. अल्फासारख्या काही जुन्या प्रोसेसरवर तो नव्हताच. तिथल्या लोकांना पायथन होती, पण तिच्यातले नवे सुरक्षेचे सामान बंद झाले. आचारी आहे, चूलही आहे, पण दुकानात ते धान्य येत नाही, तशी ही अवस्था.

तिसरी वाट अगदी आजच्या, नव्या यंत्रांवरची. पूर्वी यंत्राबरोबर भाषा फुकट आणि आपोआप यायची. आता यंत्रे बनवणारे ती काढून घेत आहेत. ॲपलची मॅक प्रणाली ही रीतसर प्रमाणपत्र असलेली युनिक्स आहे. २०१९ मध्ये ॲपलने जाहीर केले की पायथन, रुबी, पर्ल या भाषा पुढच्या आवृत्त्यांत सोबत मिळणार नाहीत. २०२१ मध्ये पीएचपी गेली आणि मार्च २०२२ मध्ये पायथन २.७ गेली. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला होताच, आणि डेबियन लिनक्सच्या २०२३ च्या आवृत्तीत ती राहिली नाही. विंडोजवर वर्षानुवर्षे असलेली व्हीबीस्क्रिप्टही टप्प्याटप्प्याने काढणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले.

यातून आम्हाला एक गोष्ट मुख्य वाटते. जुन्या युनिक्सबरोबर स्क्रिप्टिंग भाषा संपलेल्या नाहीत. त्या लिनक्सवर सुखरूप आल्या, कारण त्यांचा मूळ मजकूर सर्वांना खुला होता. संपली आहे ती ‘यंत्र घेतले की भाषा असणारच’ ही खात्री. आता कोणती भाषा, कोणत्या आवृत्तीची, कुठून आणायची हे आपल्याला माहीत असावे लागते आणि तशी नोंद ठेवावी लागते.

वही तीच, हाताची चव वेगळी

भाषा नव्या यंत्रावर मिळाली म्हणजे काम झाले, असेही नाही. नाव तेच असले तरी वागणे वेगळे असू शकते. वर्षानुवर्षे सोलारिसवर ‘ऑक’ म्हटले की जुनी ऑक चालायची, आणि १९८० च्या दशकात सुधारलेली हवी असेल तर ‘एनऑक’ म्हणावे लागे. एआयएक्सवर कॉर्न शेल पहिल्यापासून हजर असते. बहुतेक लिनक्सवर ते वेगळे बसवावे लागते. उबुंटूने २००६ मध्ये ‘एसएच’ या नावामागे बॅशच्या जागी डॅश नावाचे आटोपशीर शेल ठेवले, तेव्हा बॅशच्या खास सवयी वापरणाऱ्या अनेक स्क्रिप्ट अडखळल्या.

अडखळली तर निदान कळते. जी अडखळत नाही आणि चुकीचे उत्तर देते, ती स्क्रिप्ट जास्त घातक. पायथनच्या दुसऱ्या पिढीत ७ या पूर्णांकाला २ ने भागले की उत्तर ३ यायचे. तिसऱ्या पिढीत तेच ३.५ येते. समजा, एका खोलीत किती खोकी बसतील याचा हिशेब त्या भागाकारावर होता. स्क्रिप्ट तक्रार न करता चालेल, कागदही छापला जाईल, आणि चूक गोदामात जाऊन उघडी पडेल. पगाराच्या हिशेबात असे झाले तर ते कोणाच्या तरी महिन्याच्या पैशांवर येते.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. युनिक्स वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ज्या जुन्या यंत्रांत हा आकडा ३२ बिटांत साठवलेला आहे, तिथे १९ जानेवारी २०३८ ला जागा संपते. मुदत ठेवी, कर्जाचे हप्ते, निवृत्तीची तारीख असे पुढचे हिशेब करणाऱ्या स्क्रिप्टना ही अडचण त्याआधीच भेटू शकते.

घरी आणि कामावर काय करता येईल?

आपल्यापैकी जे अशा यंत्रांच्या सान्निध्यात आहेत, किंवा लवकरच निवृत्त होणार आहेत, त्यांच्यासाठी आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

१. आधी यादी करा. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांचे वेळापत्रक युनिक्सवर ‘क्रॉन’ नावाने असते. ते पाहिल्याशिवाय कोणती स्क्रिप्ट खरोखर वापरात आहे हे कळत नाही. वर्षातून एकदाच, मार्चअखेर चालणाऱ्या स्क्रिप्ट हमखास विसरल्या जातात.

२. स्क्रिप्ट आणि माहिती, दोन्ही साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून ठेवा. जुन्या टेपवर ठेवलेली प्रत ती टेप वाचणारे यंत्र चालू असेपर्यंतच प्रत असते.

३. भाषेचे नाव आणि आवृत्ती स्क्रिप्टच्या माथ्यावरच लिहा. ‘पर्ल’ एवढे पुरत नाही, ‘पर्ल ५.८’ असे लिहा.

४. एक नमुना जपून ठेवा. एखाद्या जुन्या महिन्याची खरी माहिती आणि त्यावरून जुन्या यंत्राने काढलेले उत्तर, दोन्ही जवळ ठेवावीत. नव्या यंत्रावर तेच उत्तर आले तरच पुढे जावे. वर सांगितलेली भागाकाराची चूक पकडण्याचा हाच सोपा उपाय आहे.

५. कारण लिहा. ‘अमुक खात्याचे आकडे वगळा’ अशी ओळ स्क्रिप्टमध्ये दिसते, पण का वगळायचे ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. तो माणूस निवृत्त होऊन गावी गेला की ती ओळ काढायला कोणी धजावत नाही आणि ठेवायचे कारणही कोणाला सांगता येत नाही. मराठीत लिहिले तरी चालेल, पण लिहा.

६. परवानगी घ्या. कामावर लिहिलेली स्क्रिप्ट कंपनीची असते आणि आतली माहिती तर नक्कीच. प्रत घेणे, घरी आणणे, दुसऱ्याला दाखवणे हे वरिष्ठांच्या लेखी संमतीनेच करावे.

मुलांनी काय शिकावे, असा पालकांचा पुढचा प्रश्न असतो. पायथन शिकावीच, नोकरीला ती उपयोगी आहे. पण जोडीला थोडे शेल आणि थोडी ऑक शिकावी, असे आम्ही सुचवू. या दोन्ही पोझिक्स नावाच्या सर्वमान्य मानकाचा भाग आहेत, म्हणून युनिक्सच्या वळणाच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर त्या सापडतात. विंडोजच्या लॅपटॉपवर २०१६ पासून लिनक्सचा उपविभाग बसवता येतो आणि त्यात दोन्ही मिळतात. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्स आहे आणि त्यात शेल आहे. शिकायला नवे यंत्र घ्यावे लागत नाही, पैसे लागत नाहीत.

आपल्या देवनागरीचा प्रश्न

हा सगळा विषय मंडळाच्या कपाटाशीही येऊन भिडतो. मराठी संस्थांच्या जुन्या सभासद-याद्या, गणेशोत्सवाचे जमाखर्च आणि स्मरणिकांचा मजकूर बऱ्याचदा युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर आजोबांच्या लेखाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. तरी छपाईच्या कामात प्रत्येक फॉन्टवाल्याची स्वतंत्र खूण पुढे बरीच वर्षे चालली.

या मजकुराला युनिकोडमध्ये आणणे हे स्क्रिप्टचेच काम आहे. कोणत्या खुणेच्या जागी कोणते अक्षर हा तक्ता एकदा बनवला की हजार पाने बदलता येतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये व्यंजनाआधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर येते, रफारही असाच जागा बदलतो, हे मात्र स्क्रिप्टला शिकवावे लागते. इथे मराठी वाचणारा माणूस आणि पायथन येणारी मुलगी शेजारी बसले तरच काम नीट होते.

ऑकच्या बाबतीत एक बातमी सांगण्यासारखी आहे. तिच्या मूळ आवृत्तीला कित्येक वर्षे युनिकोडची अक्षरे नीट मोजता येत नव्हती. २०२२ मध्ये ती सोय स्वतः ब्रायन कर्निघन यांनी केली. तेव्हा त्यांचे वय ८० होते आणि ऑक जन्माला येऊन ४५ वर्षे झाली होती. २०२३ मध्ये ऑकवरच्या त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्तीही निघाली. ज्या भाषेची देखभाल करणारा माणूस आहे, ती भाषा जुनी झाली तरी कामाची राहते.

आपल्याकडेही असे जाणते सभासद आहेत. ज्यांनी युनिक्सवर काम केले आहे त्यांनी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या विद्यार्थ्याला महिन्यातून एक रविवार द्यावा, ही आमची विनंती. सुरुवात मंडळाच्याच जुन्या याद्यांपासून आणि स्मरणिकांपासून करता येईल. त्यात कोणाच्या कंपनीच्या परवानगीचा प्रश्न नाही, आणि हाती येईल ते सगळ्यांच्या उपयोगाचे असेल. ज्यांच्या घरी जुन्या फॉन्टमधल्या मजकुराच्या फ्लॉपी किंवा सीडी असतील, त्यांनी त्या टाकून देण्यापूर्वी कार्यकारिणीला जरूर दाखवाव्यात.